आरके-३९ पट्टी : पहिल्या तापाला चोख, उलटलेल्या तापाला कुचकामी

मी मूळची अकोल्याची, सध्या बिहारमधल्या सारण जिल्ह्यात एका ट्रस्टच्या लहान दवाखान्यात लॅब टेक्निशियन आहे. इथे काळा आजार (वाळूमाशी चावल्याने पसरणारा, लिशमॅनिया या परजीवीचा आजार) ओळखण्यासाठी आरके-३९ची झटपट रक्ततपासणीची पट्टी वापरते, त्या पट्टीबद्दल हे.

वापरायला सोपी. बोटाला टोचून रक्ताचा थेंब पट्टीच्या टोकाला लावायचा, नळीत बफरचे (पट्टीसोबत येणाऱ्या द्रावणाचे) दोन-तीन थेंब टाकून पट्टी उभी करायची, १० मिनिटं थांबायचं. दोन रेघा आल्या की पॉझिटिव्ह. दुसरी रेघ फिकट असली तरी पॉझिटिव्हच. नवी पोरं इथेच अडखळतात. पण चहा पिऊन अर्ध्या तासाने बघायला आलात आणि तेव्हा रेघ उमटलेली दिसली, तर ती धरू नका.

हिचं मोल जुन्या तपासण्या ठाऊक असणाऱ्याला कळतं. पानथरीत (प्लीहेत) सुई घालून नमुना काढणं आजही सगळ्यांत पक्कं, पण रक्तस्रावाची धास्ती असते. प्लेटलेट आणि प्रोथ्रॉम्बिन टाइम (रक्त गोठायला लागणारा वेळ) पाहिल्याशिवाय कोणी सुई उचलत नाही. त्याआधीची फॉर्मालिनची तपासणी म्हणजे सीरम (रक्तातला पाण्यासारखा भाग) उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्या भागासारखं घट्ट पांढरं झालं की आजार आहे म्हणायचं. आजार मुरेपर्यंत ती काही सांगायची नाही. पट्टी मात्र भारतीय उपखंडात १०० रुग्णांतले साधारण ९७ पकडते. पूर्व आफ्रिकेत हाच आकडा ८५च्या आसपास येतो. एचआयव्ही असेल तर इथेही रुग्ण निसटू शकतो.

आता तक्रार. पट्टी परजीवी पाहत नाही, त्याविरुद्धच्या अँटीबॉडी पाहते आणि त्या बरं झाल्यावरही कित्येक वर्षं रक्तात राहतात. पूर्वी उपचार घेतलेला माणूस पुन्हा ताप घेऊन येतो, "दीदी, वही पट्टी कर दीजिए" म्हणतो. करून उपयोग नाही, रेघ येणारच. त्याला अस्थिमज्जा किंवा पानथरीच्या तपासणीसाठी मोठ्या रुग्णालयात पाठवावं लागतं. गावात धडधाकट माणसांचीही पट्टी पॉझिटिव्ह निघते. म्हणून आधी दोन आठवड्यांहून जास्त ताप आणि वाढलेली पानथरी, मगच पट्टी. बाजारातली एक लॅब चार दिवसांच्या तापालाही ती लावते, आणि घाबरलेली माणसं तो कागद घेऊन आमच्याकडे येतात.

गंमत म्हणजे या ढीगभर अँटीबॉडी रोग्याला वाचवत नाहीत. परजीवी लपतो मॅक्रोफेज नावाच्या, जंतू गिळणाऱ्या पेशींमध्ये, त्याला मारायचं काम टी-पेशींच्या (प्रतिकारशक्तीच्या दुसऱ्या पेशींच्या) जोरावर होतं. लिशमॅनिनची (मेलेल्या परजीवीचा अंश कातडीत टोचून करायची) त्वचा-चाचणी टी-पेशींचा प्रतिसाद पाहते, म्हणूनच उलटी वागते: आजारात निगेटिव्ह, बरं झाल्यावर पॉझिटिव्ह.

तरीही पट्टी हवीच, कारण उपचारही आता तितकाच झटपट झालाय. पूर्वी महिनाभर अँटिमनीची इंजेक्शनं घ्यावी लागत आणि मुझफ्फरपूरच्या बाजूला ती निम्म्याहून जास्त जणांना लागूच पडेनाशी झाली. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या मुझफ्फरपूरच्याच अभ्यासात ३०४ जणांना लायपोसोमल अँफोटेरिसिन बी हे औषध वजनाच्या किलोमागे १० मिलिग्रॅम, एकाच सलाइनमधून दिलं. सहा महिन्यांनंतर ९५.७ टक्के बरे होते.

पाचपैकी चार तारे. एक कापला तो बफरसाठी: बाटली पट्ट्यांआधी संपते, आणि दुसऱ्या कंपनीच्या खोक्यातलं बफर वापरता येत नाही.