पॅलेट एकसंध घ्यावं की सुट्या भागांचं?

प्लास्टिकचं पॅलेट, म्हणजे माल रचून फोर्कलिफ्टने उचलायचा पाट, कुठे तुटतं हे बघायचं असेल तर गोदामाच्या मागच्या भिंतीला लावलेली मोडक्या पॅलेट्सची थप्पी बघावी. चाकणजवळच्या एका गोदामात मी अशी थप्पी एकेक करून उतरवली होती. वरचा डेक, म्हणजे माल ठेवायचा पृष्ठभाग, बहुतेकांचा धडधाकट होता. मार बसला होता तो ठरावीक जागी: फोर्कलिफ्टचे काटे शिरतात त्या तोंडाच्या कडेला आणि कोपऱ्याच्या ठोकळ्याला. काहींचा खालचा रनर, म्हणजे ठोकळ्यांखालची लांब पट्टी, तडकला होता. खराब झालेलं प्लास्टिक किलो-दीड किलो, पण भंगारात निघालं होतं अख्खं पॅलेट. हे मला तेव्हाही बघवलं नाही. म्हणूनच नवी पॅलेट्स घेणाऱ्याने किंवा स्वतःचा साचा काढू पाहणाऱ्याने ऑर्डरआधी हा विचार करावा असं मला मनापासून वाटतं.

लाकडाला ही अडचण कधी आली नाही. युरो पॅलेट १२०० बाय ८०० मिलिमीटरचं. त्यात ११ फळ्या, ९ ठोकळे आणि ७८ खिळे, सगळ्यांची जागा आणि माप ठरलेलं. फळी मोडली की तेवढी काढून दुसरी ठोकायची. लाकूड मागे पडलं ते दुसऱ्याच कारणांनी. निर्यातीच्या लाकडी पॅलेटला लाकडातली कीड रोखणारा आयएसपीएम १५ हा आंतरराष्ट्रीय नियम लागू होतो: लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस तापमान सलग ३० मिनिटं, किंवा मान्य धुरी, आणि त्याचा शिक्का. प्लास्टिकला यातलं काहीच लागत नाही. शिवाय लाकूड ओल धरतं, वास धरतं. २०१० साली अमेरिकेत औषधांच्या बाटल्या बाजारातून परत मागवाव्या लागल्या, कारण पॅलेटच्या लाकडावर वापरलेल्या रसायनापासून तयार झालेला कुबट वास आतल्या गोळ्यांना लागला होता.

म्हणजे प्लास्टिक हवं, पण लाकडासारखं दुरुस्त होणारं. ते शक्य आहे का? आहे, पण सगळा खेळ जोडाचा आहे.

आधी एकसंध पॅलेटची बाजू. त्याला फटी नाहीत, त्यामुळे पाण्याच्या फवाऱ्याखाली ते स्वच्छ धुतलं जातं. खालच्या रिब्ज, म्हणजे आधाराच्या उभ्या पट्ट्या, सलग असल्याने वजन सगळीकडे वाटलं जातं. (एकसंध म्हणून विकल्या जाणाऱ्यांतली बरीच खरं तर दोन अर्धी तापलेल्या प्लेटवर वितळवून एकमेकांवर दाबलेली असतात, तेही लक्षात असू द्यावं.) तुटल्यावर मात्र हात बांधलेले. पॅलेट ज्यांची बनतात त्या एचडीपीई आणि पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकवर नेहमीचा डिंक धरत नाही. गरम हवेच्या गनने त्याच प्लास्टिकची कांडी वितळवून वेल्डिंग करता येतं, पण त्याला बसलेला हात लागतो आणि पुढचा धक्का बसला की बहुधा तोच सांधा आधी उघडतो.

सुट्या भागांच्या पॅलेटमध्ये डेक वेगळा, ठोकळे वेगळे, रनर वेगळे. हे जोडायचे कसे, यावर पॅलेटचं आयुष्य ठरतं. स्क्रू सगळ्यांना ओळखीचा, पण प्लास्टिकमधले आटे चार-पाच वेळा उघडझाक केली की झिजतात. धातूची बुशिंग, म्हणजे आट्यांची नळी, घातली तर ती पुढे भंगार प्लास्टिक पुन्हा वापरण्यासाठी दळताना मशीनमध्ये त्रास देते. क्लिप झटपट बसते, मात्र क्लिप सतत ताणाखाली राहिली तर प्लास्टिक हळूहळू सैलावतं आणि एक दिवस पॅलेट उचलताना रनर खाली राहतो. माझा कल खाचेत सरकणाऱ्या ठोकळ्याकडे आहे: बाजूने सरकवायचा आणि एका खुंटीने अडवायचा. मालाचं वजन ठोकळ्याच्या खांद्यावर उतरलं पाहिजे, काट्याचा आडवा फटका खाचेच्या भिंतीने झेलला पाहिजे. खुंटीचं काम एवढंच, की ठोकळा निसटू नये. डिझाइन दाखवायला येणाऱ्याला कागदावर एवढं काढून दाखवायला सांगावं. क्लिपवर वजन येत असेल तर तिथेच थांबावं.

डेकपेक्षा ठोकळा मुद्दाम थोडा कमजोर ठेवावा, घरच्या फ्यूजसारखा. मोठा फटका बसला तर स्वस्तातला भाग जावा, महागातला वाचावा. लाकडात हे आपोआप घडत असे. प्लास्टिकमध्ये ते आखावं लागतं.

रॅकचा, म्हणजे माल उंच ठेवायच्या मांडणीचा, विषय वेगळा. विक्रेता जो मोठा आकडा सांगतो तो सहसा जमिनीवर स्थिर ठेवलेल्या पॅलेटचा असतो. काट्यांवर उचलल्यावरचा भार त्याहून कमी, आणि रॅकच्या दोन बीमवर टेकलेल्या पॅलेटचा सगळ्यांत कमी, कारण तिथे मधला भाग अधांतरी असतो आणि प्लास्टिक दिवसेंदिवस वाकत जातं. म्हणून तिन्ही आकडे वेगवेगळे मागावेत. रॅकसाठी आत लोखंडी पाइप घालतात. एकसंध पॅलेटमध्ये तो बहुधा कायमचा बंद होतो. सुट्या भागांच्या पॅलेटमध्ये ओढून काढता येतो, त्यामुळे शेवटी दळताना प्लास्टिक शुद्ध मिळतं. सुटे भाग निवडायला हे एक चांगलं कारण आहे.

कोल्ड स्टोरेजवाल्यांनी जास्त जपावं. साधं पॉलिप्रॉपिलीन शून्याच्या आसपास ठिसूळ होतं, एचडीपीई उणे वीसलाही चिवट राहतं. पण एचडीपीई थंडीत आकसतंही बरंच: मीटरभर लांबीला दर अंशामागे साधारण ०.१ ते ०.२ मिलिमीटर. बाहेर ३२ अंश आणि आत उणे १८ असेल तर १२०० मिलिमीटरचा रनर सहा ते बारा मिलिमीटरने आखूड होतो. सगळे भाग एकाच प्लास्टिकचे असतील तर ते एकत्र आकसतात. पॉलिप्रॉपिलीनचा ठोकळा आणि एचडीपीईचा डेक अशी जोडी, किंवा जागा न सोडता अडकवलेला लोखंडी पाइप, यांनी जोड तडकतो.

खर्चाचं गणित उदाहरणाने करू. समजा पॅलेट ३,००० रुपयांचं आणि ठोकळा २०० रुपयांचा. सुट्या भागांचं पॅलेट सुरुवातीला ५०० रुपयांनी महाग पडलं, तरी पहिल्याच मोडीत ते पैसे परत येतात, पण ते पॅलेट तुमच्याकडे परत आलं तरच. म्हणून मी पहिला प्रश्न हाच विचारतो. मोटारीचे पार्ट पुरवणारा आणि असेंब्लीचा कारखाना यांच्यात रोज फिरणारी पॅलेट्स असतील तर डोळे झाकून सुट्या भागांचीच घ्यावीत. न्हावा शेवाहून कंटेनरमध्ये चढून परत न येणाऱ्या मालासाठी हलकं, एकात एक बसणारं एकसंध पॅलेट किंवा शिक्क्याचं लाकूड पुरे. औषधांच्या स्वच्छ विभागात आणि रोज धुलाई असलेल्या अन्नप्रक्रियेत खाचांमध्ये घाण बसणं परवडत नाही, तिथे एकसंधच.

मोटारीच्या भागांच्या गोदामात, मालमसाल्याच्या घाऊक साठ्यात, बाटल्यांच्या क्रेटखाली मात्र मी सुट्या भागांच्या बाजूने आहे. फक्त पुरवठादाराकडून लेखी घ्यावं, की पुढची किमान पाच वर्षं त्याच साच्याचे ठोकळे आणि रनर मिळतील; साचा बदलला की जुनी पॅलेट्स पोरकी होतात. आणि नमुना आला की गोदामातल्याच एखाद्या कामगाराच्या हाती रबरी हातोडा द्यावा. तोच ठोकळा त्याने वीस वेळा काढावा, वीस वेळा बसवावा. मग माल भरलेलं पॅलेट त्याच कोपऱ्यावर काट्याचा फटका खाऊ द्यावं आणि खाच उघडली का ते बोटाने चाचपून बघावं.