ई, डी, सी आणि तीन : तपकीर गल्लीतील लॅपटॉप दुरुस्ती

पुण्याच्या बुधवार पेठेत, तपकीर गल्लीतील विजेच्या सामानाच्या घाऊक दुकानांवर पहिल्या मजल्यावर असलेल्या या दुकानाविषयी चांगले सांगण्यासारखे पुष्कळ आहे, पण सर्वांत महत्त्वाचे हे की येथे आधी दोष शोधतात आणि मगच पेचकस हातात घेतात. कीबोर्डवरची अक्षरे उमटत नाहीत म्हटल्यावर "बदलावा लागेल" हे उत्तर बहुतेक ठिकाणी यंत्र चालू करून पाहण्यापूर्वीच मिळते. ते पुष्कळदा बरोबरही निघते, परंतु ज्या वेळी ते चुकते त्या वेळचे पैसे ग्राहकाच्याच खिशातून जातात.

माझे सारे काम मराठी मजकुराचे असून मी इन्स्क्रिप्ट या भारतीय लिपींसाठीच्या कीबोर्ड-मांडणीने टंकलेखन करते. या पद्धतीत काना ई या बटणावर, हलन्त डी या बटणावर आणि म हे अक्षर सी या बटणावर येते, आणि नेमकी हीच तीन बटणे एकाच वेळी बंद पडली. 'महाराष्ट्र' लिहू जावे तर पडद्यावर 'हरषटर' उमटे. सोबत ३ हा अंकही गेला होता. यंत्र बंद करून पुन्हा चालू करणे, विंडोज आणि स्पेस ही बटणे एकत्र दाबून भाषा बदलून पाहणे, डिव्हाइस मॅनेजरमधून कीबोर्डची नोंद काढून ती नव्याने घेऊ देणे हे घरी करता येण्याजोगे उपाय झाले होते. पडद्यावरचा कीबोर्ड उघडून त्यावर माउसने टिचकी मारली की हीच अक्षरे बिनतक्रार उमटत, म्हणजे भाषेची मांडणी शाबूत होती. अधिकृत सेवा केंद्रात मात्र असे सांगण्यात आले की कीबोर्ड वरच्या आवरणालाच पक्का बसवलेला असल्यामुळे संपूर्ण आवरण बदलावे लागेल, आणि त्याचा जो खर्च सांगितला तो इतक्या जुन्या यंत्रावर करणे शहाणपणाचे नव्हते.

या दुकानातील कारागिराने प्रथम यूएसबीचा एक जुना कीबोर्ड जोडला. त्यावर सर्व अक्षरे आली. मग त्याने यंत्र पुन्हा चालू करून थेट बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या यंत्राच्या मूळ सेटिंग्जमध्ये, प्रवेश केला, तारखेच्या रकान्यावर जाऊन लॅपटॉपच्याच कीबोर्डवर तीनचा अंक दाबला आणि पडदा माझ्याकडे वळवला. "मॅडम, विंडोजला दोष देऊ नका, तीन इथेही उमटत नाहीये." विंडोज सुरू होण्यापूर्वीच अंक उमटत नसेल तर ड्रायव्हर (विंडोजला कीबोर्डशी जोडून देणारा प्रोग्राम), भाषा, विषाणू या साऱ्या शंका एका फटक्यात निकालात निघतात. या तपासणीचा आणखी एक फायदा असा की तिच्यासाठी ग्राहकाचा पासवर्ड लागत नाही. तो कागदावर लिहून मागणाऱ्या दुकानांची मला नेहमीच धास्ती वाटते. येथे पुढे जेव्हा विंडोज उघडण्याची वेळ आली तेव्हा यंत्र माझ्याच हाती देण्यात आले.

ई, डी, सी आणि तीन हीच चार बटणे का गेली, याचे त्याने दिलेले स्पष्टीकरणही पटण्याजोगे होते. कीबोर्डमध्ये प्रत्येक बटणाला स्वतंत्र तार नसते. आडव्या आणि उभ्या वाहक रेषांची जाळी असते आणि बटण दाबले की त्यांतील एक आडवी व एक उभी रेषा एकमेकींना जोडली जाते. ही चारही बटणे एका ओळीत तिरकी खाली उतरतात आणि माझ्या कीबोर्डमध्ये ती एकाच उभ्या रेषेवर आहेत. त्यामुळे चार बटणे स्वतंत्रपणे बिघडली असे मानण्यापेक्षा एक रेषा तुटली, किंवा कीबोर्डला मदरबोर्डशी, म्हणजे यंत्राच्या मुख्य सर्किट बोर्डाशी, जोडणारी चपटी पट्टी त्या ठिकाणी नीट टेकत नाही, असे मानणे अधिक सयुक्तिक होते. यांतील दुसरी शक्यता स्वस्तातली, म्हणून आधी ती तपासली गेली: बॅटरीची जोडणी सोडवून पट्टी काढली, तिची टोके आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली आणि ती खटक्यात पुन्हा बसवली. फरक पडला नाही, तेव्हाच कीबोर्ड बदलण्याची गोष्ट निघाली.

मी थांबले असताना एक महाविद्यालयीन विद्यार्थी आला. त्याच्या लॅपटॉपवर बटण बराच वेळ दाबून धरले तरच अक्षर उमटत होते, आणि दुसऱ्या एका दुकानाने त्याला नवा कीबोर्ड सुचवला होता. उजवीकडचे शिफ्ट बटण आठ सेकंद दाबून धरले की विंडोजमध्ये 'फिल्टर कीज' ही सोय सुरू होऊ शकते आणि मग ओझरते दाबलेले बटण यंत्र मोजतच नाही. ज्यांचा हात थरथरतो त्यांच्यासाठी ती आहे. कारागिराने सेटिंग्जमध्ये जाऊन ती बंद केली आणि पैसे घेतले नाहीत. या एका प्रसंगावरूनच मी हे दुकान इतरांना सुचवण्यास तयार आहे.

आता उणिवा. कीबोर्ड आवरणाला प्लास्टिकच्या बारीक रिव्हेटांनी जोडलेला होता. त्या कापून नवा कीबोर्ड बसवावा लागतो आणि कापलेल्या रिव्हेटांची पकड पूर्ववत होत नाही. परिणामी जोरात टंकलेखन करताना कीबोर्डचा मधला भाग किंचित दबतो. ही शक्यता आधी सांगितली गेली असती तर बरे झाले असते. बसवलेला भाग मूळ कंपनीचा नाही, हे मात्र विचारण्यापूर्वीच स्पष्ट केले होते. नव्या बटणांना जुन्यांपेक्षा थोडा अधिक दाब लागतो, आणि स्पेसबारचा आवाज मला अजूनही खटकतो. मजुरीसह १,६०० रुपये घेतले. त्याची पावती मागितल्यावरच मिळाली, आणि तिच्यावर तीन महिन्यांच्या हमीचा उल्लेखही आग्रह धरून लिहून घ्यावा लागला. गल्लीत दुचाकी लावण्यासही जागा मिळत नाही, त्यामुळे बसने किंवा रिक्षाने जाणे सोयीचे.

ज्यांचे यंत्र अद्याप वॉरंटीत आहे त्यांनी येथे जाऊ नये, कारण बाहेर उघडलेल्या यंत्राची वॉरंटी नाकारली जाण्याचा धोका असतो. कीबोर्डवर चहा सांडला असेल तर यंत्र ताबडतोब बंद करावे, चार्जर काढावा आणि "चालतोय का" हे पाहण्याचा मोह टाळून ते तसेच दुकानात न्यावे. दूध-साखरेचा चहा वाळला की आतल्या जोडण्यांवर चिकट थर बसतो आणि खाली मदरबोर्डपर्यंत ओल पोहोचली असल्यास नुसता कीबोर्ड बदलून भागत नाही. अशा कामाचा अंदाज येथे यंत्र उघडून पाहिल्याशिवाय देत नाहीत, आणि तपासणीचे २०० रुपये दुरुस्ती न केल्यासही आकारतात.