क्रिएटिन की बीटा-अ‍ॅलानिन? ८०० मीटर धावणाऱ्याचा कौल

जोरदार व्यायामात दम टिकावा म्हणून खेळाडू घेतात त्या या दोन्ही पावडरी मी एकेक हंगाम घेऊन पाहिल्या. मास्टर्स (३५ वर्षांपुढच्या) गटात ८०० मीटर धावतो, तेव्हा माझा अनुभव त्याच मापाचा धरा. दोन्हींच्या मुळाशी रॉजर हॅरिस यांचं संशोधन आहे, क्रिएटिनवर १९९२ चं आणि बीटा-अ‍ॅलानिनवर २००६ चं. त्यामुळे एक खरं, दुसरं थोतांड असा हा वाद नाही.

खरं तर माझ्या शर्यतीला बीटा-अ‍ॅलानिनच शोभतं. त्यापासून स्नायूंत कार्नोसिन तयार होतं आणि जोरात पळताना वाढणारी आम्लता ते काही काळ थोपवतं. साधारण १ ते ४ मिनिटांच्या जीवतोड मेहनतीला त्याचा उपयोग. म्हणून आधी तेच आणलं.

आडव्या आल्या त्या मुंग्या. सकाळी २ ग्रॅम घेतलं की पंधरा-वीस मिनिटांत कान, मान, हातांची पाठ चुरचुरायला लागायची, ती तासभर. अपाय नाही हे माहीत होतं, पण वॉर्म-अपमध्ये सगळं लक्ष तिकडेच. उपाय म्हणजे एका वेळी ०.८ ग्रॅमच घ्यायचं. दिवसाला निदान ३.२ ग्रॅम हवं, म्हणजे चार वेळा, आणि तेही सलग चार आठवडे तरी. दुपारचा डोस ऑफिसच्या मीटिंगमध्ये राहायचा, रात्रीचा झोपेत. महिनाअखेरीस नेमकं किती पोटात गेलं, हेच सांगता येईना. शेवटच्या २०० मीटरला पाय कमी जड वाटले खरे, पण त्याचं श्रेय अर्धवट घेतलेल्या पावडरीला द्यायला मन धजत नाही.

क्रिएटिन जेवणानंतर एकदा, ३ ते ५ ग्रॅम, की झालं. लोडिंगच्या, म्हणजे सुरुवातीचे काही दिवस मोठे डोस घ्यायच्या, नादी लागलो नाही. तीन-चार आठवड्यांत स्नायूंतला साठा तसाही भरतो. थंड पाण्यात रेतीसारखं तळाला बसतं, म्हणून कोमट पाणी घेतो. वजन दीड किलोनं वाढलं, पाणी धरल्यामुळे असावं. सुरुवातीला दुसऱ्या फेरीत ते जाणवलं. पण ३०० मीटरच्या रिपीटमध्ये (तेच अंतर मध्ये थांबून पुन्हा पुन्हा पळताना) पाचवाही पहिल्याच्या जवळपास निघू लागला. मी शाकाहारी आहे. क्रिएटिन मांस-मासळीतून मिळतं, त्यामुळे आमचा साठा मुळात कमी. कदाचित म्हणून फरक जास्त दिसला असेल. (कार्नोसिनचंही तसंच आहे, हेही सांगायला हवं.)

रक्त तपासताना क्रिएटिनिन (क्रिएटिनपासून बनणारा टाकाऊ पदार्थ, मूत्रपिंडाच्या तपासणीत मोजतात तो) थोडं वाढलेलं दिसू शकतं, डॉक्टरांना आधी सांगा. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर त्यांना विचारल्याशिवाय घेऊच नका.

किलोभर वजनही परवडत नसेल आणि चार वेळांचा नेम पाळता येत असेल, तर बीटा-अ‍ॅलानिन जरूर घेऊन पाहा. मी या हंगामासाठी क्रिएटिनचाच डबा आणलाय.