जेट-इन-क्रॉसफ्लोचं दोन दिवसांचं ट्रेनिंग: दुसऱ्या दिवसासाठी जा

क्लासचं नाव लिहीत नाही. विषय जेट-इन-क्रॉसफ्लो, म्हणजे आडव्या वाऱ्यात घुसणारा हवेचा झोत. ऑफिसात टर्बाइन ब्लेडच्या फिल्म कूलिंगचं काम गळ्यात पडलं, म्हणजे ब्लेडवरच्या बारीक भोकांतून गार हवा सोडायची आणि ती ब्लेडला चिकटून राहिली पाहिजे, जोर जास्त झाला की ती वर उचलली जाते आणि खालून गरम गॅस घुसतो, मग भोकं पाडून काय उपयोग. म्हणून पदरचे पैसे भरून गेलो.

पहिला दिवस डोक्याला ताप. एसी बंद, म्हणजे कूलिंग शिकायला आलेलो आम्हीच उकडून निघालो. दुपारी ओपनफोम या फ्लो सिम्युलेशनच्या सॉफ्टवेअरची तयार केस दिली तर तीत इनलेट, म्हणजे हवा आत सोडायची जागा, थेट भोकाच्या तोंडावर, सपाट वेग देऊन. मी विचारलं मागचा पाइप कुठाय, तर असिस्टंट म्हणतो "मेश वाढतो ओ सर" (मेश म्हणजे हिशोबासाठी जागेचे पाडलेले बारीक तुकडे). अहो वाढू दे की! जेटचा जोर कमी असला की आडवा वारा भोकाच्या पुढच्या कडेला दाबतो आणि हवा पाइपातच मागच्या कडेकडे सरकते, ते सपाट प्रोफाइलमध्ये कुठून दिसणार?

दुसऱ्या दिवशी मोठे सर आले आणि सगळं वसूल झालं. फ्रिक आणि रॉश्को यांचा 1994 चा पेपर उघडून त्यांनी दाखवलं की जेटमागचे उभे भोवरे जेटमधून सुटतच नाहीत, ते भिंतीलगतच्या बाउंडरी लेयरमधून, म्हणजे भिंतीला घासून मंदावलेल्या हवेच्या थरातून, उचलले जातात. मी इतकी वर्षं सिलिंडरमागच्या भोवऱ्यांचे चुलतभाऊ समजत होतो त्यांना.

मग के-एप्सिलॉन या टर्ब्युलन्सच्या (खळबळत्या प्रवाहाच्या) मॉडेलवर केस चालवली. चित्र कसलं देखणं आलं, पण गार हवा आडवी पसरायलाच तयार नाही, कारण हे मॉडेल एडी व्हिस्कॉसिटी, म्हणजे भोवऱ्यांमुळे होणारी घुसळण, सगळ्या दिशांना सारखीच धरतं. एका पोराने टर्ब्युलंट श्मिट नंबर (तो कमी केला की मॉडेलमधली मिसळ वाढते) 0.7 वरून 0.2 वर आणला आणि ग्राफ लॅबच्या डेटाच्या बराच जवळ आला, पोरगं खूश, सर शांतपणे म्हणाले, "आता भोकाचा कोन बदल आणि परत जुळव." तोंड बघण्यासारखं झालं होतं त्याचं.

जेटचा मार्ग आरडी स्केलिंगने, म्हणजे अंतरं वेगांचं गुणोत्तर r गुणिले भोकाचा व्यास d यात मोजून, तपासायला लावला ते पण आवडलं. त्या सूत्रातला घातांक 0.28 ते 0.34 मध्ये येतो पण पुढचा गुणक वेगवेगळ्या प्रयोगांत 1.2 ते 2.6, एवढा पसारा! म्हणजे एका कर्व्हशी जुळलं म्हणून पार्टी करायची नाही.

एलईएस (मोठे भोवरे थेट सोडवणारं जड सिम्युलेशन) मात्र आधीच चालवून ठेवलेल्या फाइलींवर दाखवलं, आमच्या लॅपटॉपांवर ते झेपलंच नसतं म्हणा, पण मेश कसा निवडला हे तरी सांगायचं होतं. जेवण ठीक, बटाट्याची भाजी दोन्ही दिवस.

पाचपैकी साडेतीन. नोट्सची पीडीएफ "आज संध्याकाळी पाठवतो" म्हणाले होते, त्याला आता तीन आठवडे झाले.