सेशेल्सला आठवडाभर बोटीवर: बोट घ्या, बोटीवरची जेवणं घेऊ नका

आम्ही सहा जण ऑगस्टमध्ये सेशेल्सच्या मुख्य बेटावरून, माहेच्या ईडन आयलंड मरीनातून, कॅटामरान (दोन सांगाड्यांची शिडाची बोट) घेऊन निघालो, सात रात्री, सोबत स्किपर म्हणजे बोट चालवणारा आणि एक कुक. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण तक्रारी आहेत आणि मला भांडण नकोय, पण पैसे भरायच्या आधी कोणीतरी सांगायला हवं होतं ते इथे लिहितोय.

पहिली गोष्ट, ऑगस्ट म्हणजे आग्नेयेचा वारा. मे ते ऑक्टोबर तो असतोच, आणि माहेहून प्रालँ बेट साधारण 45 किलोमीटर, फेरीने तासाभरात होतं पण शिडावर आम्हाला साडेचार तास लागले आणि सगळा वेळ लाट बाजूने येत होती. मला बोट लागत नाही असं मी सगळ्यांना सांगत फिरलो होतो. लागली. चांगलीच लागली. गोळी निघायच्या आधी घ्यायची असते, उलटी झाल्यावर घेऊन काही उपयोग नाही हे आता पाठ झालंय. पण प्रालँच्या वायव्येला आँस लाझिओच्या किनाऱ्याजवळ नांगर टाकला आणि तिथे पाणी एकदम शांत, कारण अख्खं बेट वाऱ्याच्या आड येतं. स्किपरला कुठल्या महिन्यात कुठला किनारा आडोशाचा हे तोंडपाठ होतं, त्या माणसाला पैकीच्या पैकी मार्क.

आता मुख्य रड. कंपनीने बुकिंगच्या वेळी 'फुल बोर्ड' गळ्यात मारलं, म्हणजे तिन्ही वेळचं जेवण बोटीवर, पैसे आधी. म्हटलं समुद्रात कुठे हॉटेल शोधणार, घेऊन टाकू. तर होतं काय की दुपारी पास्ता, रात्री फ्रोजन चिकन, परत पास्ता. कुक बिचारा चांगला होता, त्याला सामानच तसलं भरून दिलेलं. एकदा त्याने कोळ्याकडून ताजी तांबोशी घेतली आणि नुसतं आलं, लसूण, मिरची लावून भाजली तेव्हा कळलं की याच्या हाताला चव आहे. आणि समोर डिंगीने (बोटीसोबतची छोटी होडी) पाच मिनिटांवर किनारा, तिथून नारळाच्या रसातल्या करीचा वास येतोय! तिसऱ्या दिवसापासून आम्ही रात्री किनाऱ्यावरच जेवलो, न खाल्लेल्या जेवणांचे पैसे परत मागितले तर पॉलिसी नाही म्हणे.

किनाऱ्यावरचं जेवण मात्र काय सांगू. ला दिग बेट जेमतेम 10 चौरस किलोमीटर, सगळे सायकलवर. जेट्टीजवळ छोटी छोटी टेकअवेची दुकानं आहेत, दिसायला काहीच नाही, काचेमागे पाच-सहा भांडी आणि डब्यात भरून देतात. भात, मसूर, ऑक्टोपसची नारळाच्या रसातली करी, वर कच्च्या पपईची सातिनी. सातिनी म्हणजे आपली चटणीच, शब्दसुद्धा तोच, बोटींबरोबर तिकडे गेलेला. शार्कचीही सातिनी करतात, उकडून कुस्करून लिंबू घालून, मला आवडली, बायकोने एक घास खाऊन डबा माझ्याकडे सरकवला. ऑक्टोपस इतका मऊ की सुरी लागली नाही. डबा 100-125 सेशेल्स रुपयांत, आणि समुद्राकडे तोंड करून टेबलक्लॉथ घातलेल्या रेस्टॉरंटमध्ये तीच करी तिप्पट-चौपट, चव उन्नीस-बीस. तिथे एकदा जा, हौस म्हणून.

आमच्यात एक शाकाहारी होती, तिचीच सगळ्यांना काळजी, पण तिचं झकास चाललं. मसूर, वांग्याची भजी, नीरफणसाचे चिप्स (हे तर पिशव्या भरभरून खाल्ले) आणि शेवटी लादोब, म्हणजे केळं किंवा रताळं नारळाच्या दुधात व्हॅनिला नि जायफळ घालून शिजवलेलं. फक्त मसुरात मासा नाहीये ना हे दरवेळी विचारा.

फिरायचं थोडक्यात. क्युरिअस बेटावर अल्दाब्रा बेटांवरून आणलेली महाकाय कासवं मोकळी फिरतात, मान खाजवली की लांब करून उभी राहतात, आणि खारफुटीतून लाकडी वाटेने चालत गेलं की 1873 सालचं डॉक्टरांचं घर लागतं, एके काळी तिथे कुष्ठरोग्यांची वसाहत होती. प्रालँचं व्हाले द मे हे ताडांचं जंगल 1983 पासून जागतिक वारसा यादीत आहे, तिथल्या कोको द मेर या ताडाचं ते प्रसिद्ध जोडनारळासारखं फळ 20-25 किलोपर्यंत भरतं, विकत घेतलंत तर परवान्याचा कागद घ्यायला विसरू नका, नाहीतर एअरपोर्टवर अडकाल. ला दिगच्या ग्राँद आँस किनाऱ्यावर ऑगस्टमध्ये पोहू नका, पाणी आत ओढतं, आम्ही नुसते वाळूत बसलो.

बोटीबद्दल अजून दोन गोष्टी. समुद्राचं पाणी गोडं करायचं मशीन चौथ्या दिवशी बंद पडलं, मग दोन मिनिटांत आंघोळ, फोनवर कंपनीवाले 'उद्या बघतो' म्हणत राहिले आणि तो उद्या आलाच नाही. जेनरेटर रात्री बंद म्हणजे एसी बंद, आम्ही डेकवर जाळीत झोपलो, ते उलट आवडलं. रात्री जेवून डिंगीने परतताना टॉर्च हवाच, अंधारात सगळ्या बोटी सारख्याच दिसतात, एकदा आम्ही भलत्याच बोटीला दोर बांधत होतो.

शेवटच्या दिवशी राजधानी व्हिक्टोरियात 'मारी आंत्वानेत' रेस्टॉरंटमध्ये जेवलो, जुनं लाकडी घर, मेन्यू ठरलेला, भजी, मासा, करी, चटण्या येतच राहतात, सकाळी काही खाऊ नका.

परत गेलो तर हीच बोट नाही पण हाच स्किपर मागेन, जेवणात फक्त नाश्ता घेईन आणि ला दिगला तीन रात्री ठेवीन. तिथलं लादोब दुसऱ्यांदा घ्यायला गेलो तेव्हा मावशींनी रिकामं पातेलं तिरकं करून दाखवलं होतं.