क्युप्रामिन: कल्ल्यांतल्या ॲमिलूडिनियमवर खात्रीचं, पण मीटरशिवाय घेऊ नका

खाऱ्या पाण्यातला मासा अंगावर एकही ठिपका नसताना भराभर कल्ले हलवतो, पंपाच्या धारेत तोंड धरून थांबतो, तेव्हा पहिला संशय ॲमिलूडिनियम ओसेलाटमचा. हा एकपेशीय परजीवी बहुधा आधी कल्ल्यांत शिरतो. कातडीवर सोनेरी भुकटी दिसेपर्यंत फार उशीर झालेला असतो.

सीकेम कंपनीचं क्युप्रामिन हे त्यावरचं तांब्याचं औषध. तांबं मारतं ते फक्त पाण्यात पोहणाऱ्या पिल्लावळीला. कल्ल्याला चिकटून पोसणारा परजीवी आणि तळाशी गळून कवचात विभागणारा परजीवी, दोघेही त्याला दाद देत नाहीत. एका कवचातून २५६पर्यंत पिल्लं सुटू शकतात, म्हणून पातळी एक दिवस घसरली तरी चक्र पुन्हा सुरू होतं. औषधाचा सगळा कस इथेच लागतो.

मात्रा ४२ लिटरला १ मिली, त्याने ०.२५ मि.ग्रॅ. प्रति लिटर तांबं मिळतं. ४८ तासांनी तेवढीच मात्रा पुन्हा द्यायची, की ०.५ होतं. ते निदान १४ दिवस टिकवायचं. हिशोब टाकीच्या मापाचा नव्हे, आतल्या खऱ्या पाण्याचा करा. ८४ लिटरमधून २१ लिटर बदललं, तर नव्या पाण्यात दोन्ही मात्रांचं मिळून १ मिली मिसळूनच ओता. टाकीचा तळ मोकळा हवा, लपायला पीव्हीसीचे तुकडे पुरेत. वाळू आणि प्रवाळखडक तांबं शोषतात, मग आकडा रोज खाली येतो. कोळंबी, गोगलगायी, प्रवाळ यांच्या टाकीत हे कधीच घालू नये.

मोजणीसाठी हॅना कंपनीचा हाय रेंज कॉपर चेकर हा छोटा मीटर उत्तम. त्याची अचूकता ०.०५ अधिक वाचनाच्या ५ टक्के, म्हणजे ०.५० दिसलं तर खरं ०.४३ ते ०.५७ यांत कुठेही. काचेच्या कुपीवर बोटांचे ठसे किंवा आत बुडबुडे राहिले तर वाचन बिघडतं. कुपी पुसून घ्या, चाचणीच्या रसायनाची पुडी पूर्ण रिकामी करा.

सर्वांत महागात पडणारी चूक अमोनियाची. अमोनिया वाढला म्हणून प्राइमसारखं अमोनिया निष्प्रभ करणारं क्षपणकारी (रिड्यूसिंग) औषध ओतू नका. तांब्याचं रूप बदलून ते माशांना कितीतरी जास्त विषारी होतं. पाणी बदला. यूव्ही दिवा आणि गाळणीतला कार्बन बंदच ठेवा. चिलेटेड (दुसऱ्या रेणूत बांधून ठेवलेल्या) तांब्याच्या औषधांची पातळी २ मि.ग्रॅ.च्या आसपास असते. तो आकडा इथे लावला तर मासे हातचे जातील.

कल्ल्यांवरच्या फ्लूक कृमींवर मात्र याचा भरवसा नाही, त्यांना प्राझिक्वांटेल लागतं. त्यामुळे शक्य असेल तर आधी कल्ल्याचा बारीक तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहा: ॲमिलूडिनियम गोल, गडद, जागच्या जागी, फ्लूक लांबट आणि वळवळणारा.