एक्सएलआर माइक कॅमेऱ्याला: साधी केबल की ट्रान्सफॉर्मर?

डायनॅमिक (वीज न लागणाऱ्या) माइकसाठी साधी केबल सोपी: एक्सएलआरची (माइकच्या तीन पिनांच्या कनेक्टरची) पिन २ ही कॅमेऱ्याच्या ३.५ मिमी जॅकच्या टिप (टोक) आणि रिंग (मधलं कडं) दोन्हींना, पिन १ व ३ स्लीव्हला (मागचा भाग). पिन २ टिपला आणि ३ रिंगला जोडलीत तर हेडफोनवर चालून जातं, मोबाइलच्या एकाच स्पीकरवर मात्र आवाज गायब. दोन्ही चॅनल उलटे, एकमेकांना खातात. कॅमेरा जॅकमधून डीसी (छोट्या माइकना लागणारी वीज) सोडत असेल तर ती अडवायला पिन २ च्या वाटेत १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, प्लस कॅमेऱ्याकडे. घरातल्या मुलाखतीला एवढं पुरे.

सोलापुरात गड्डा यात्रेत, पाळण्यांच्या गराड्यात १५ मीटर वायर ओढायची तर एक्सएलआर ते ३.५ मिमीचा ट्रान्सफॉर्मरच घ्या. तो डीसी अडवतो, घरघरही मारतो. बसवा कॅमेऱ्यापाशी, माइकपाशी लावलात तर पुढची सगळी वायर अनबॅलन्स्ड (बाहेरची घरघर पकडणारी), म्हणजे पैसे पाण्यात.